जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप : आर७ की आर९?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय.)

आज कोडिंग नाही, एआय नाही. आज विषय आहे रबराचा एक वीतभर पाइप. हसू नका, या पाइपानं मला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं.

झालं असं. माझ्या मामांकडे एक जुनी मर्सिडीज आहे. डब्ल्यू-१२४, मॉडेल ई-२२०. मामा काही शेठ वगैरे नाहीत बरं का. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी काढून टाकली म्हणून स्वस्तात घेतली आणि तेव्हापासून जीव लावून ठेवलीये. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या कोथरूडच्या सोसायटीत गेलो, बेसमेंट पार्किंगमध्ये उतरलो आणि नाकात पेट्रोलचा भपकारा. मामांना म्हटलं, "मामा, वास येतोय." मामा म्हणाले, "अरे, जुन्या गाडीला वास येतोच. आपल्याला नाही का वयानुसार काही ना काही होत!"

पण त्याच गाडीतून मामा रोज नातीला शाळेत सोडतात. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, खाली साचते. बेसमेंट तर त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. एक ठिणगी पुरते.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण ही गाडी आपल्या गावची आहे. मर्सिडीज-बेन्झ १९९४ मध्ये भारतात आली ती टेल्कोबरोबर, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सबरोबर भागीदारी करून. १९९५ पासून टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्याच्या आवारात डब्ल्यू-१२४ जोडायला सुरुवात झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना नंतरचा, २००९ चा. गंमत म्हणजे हे मॉडेल जर्मनीत १९८४ मध्येच आलेलं. आपल्याकडे सुरू झालं तेव्हा तिकडे त्याची जागा पुढचं मॉडेल घेत होतं. म्हणजे मामांची गाडी जन्मतःच जुन्या घराण्यातली!

तर, एलईडी टॉर्च घेतली, बॉनेट उघडलं. गाडी थंड होती. पांढरा टिश्यू पेपर घेऊन एकेक पाइप पुसत गेलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे बॉडीवरचा लोखंडी पाइप संपतो आणि इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सुरू होतो, तिथे टिश्यू ओला झाला. रबर बोटानं वाकवलं तर बारीक भेगा दिसल्या. आणि पाइपवर छापलं होतं : एसएई जे३० आर७.

इथे माझी ट्यूब पेटली. मूळ पाइपाला दोन्ही टोकांना आट्यांचे नट घट्ट दाबून बसवलेले असतात. कधीतरी एका गॅरेजमध्ये तो पाइप कापून मधे साधा रबरी पाइप टाकला होता आणि वर दोन क्लिपा आवळल्या होत्या. काम झालं, गाडी चालू झाली, बिल दिलं. कुणाला कळणार?

आता हे चुकीचं का, ते समजून घेऊ. जुन्या प्रीमियर पद्मिनीत किंवा पहिल्या मारुती ८०० मध्ये कार्बोरेटर असायचा. तिथे पंप पेट्रोल जेमतेम ढकलतो, दाब एका बारच्याही बराच खाली असतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बारीक फवाऱ्यासारखं उडवायचं असतं, त्यामुळे पाइपातला दाब साधारण तीन ते चार बार. म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीत भेग पडली तर पेट्रोल ठिबकतं. इंजेक्शनमध्ये तीच भेग तापलेल्या इंजिनावर फवारा मारते.

पाइपावरचा तो 'आर' नंबर म्हणजे काय, तर :

आर६ आणि आर७ : कार्बोरेटर, वाफेच्या लाइन, कमी दाबाची कामं. आर७ ची कामाची मर्यादा ५० पीएसआय, म्हणजे साडेतीन बारच्याही किंचित खाली. आपल्या गाडीत तीन ते चार. हिशोब तुम्हीच करा.

आर९ : इंजेक्शनसाठी. मर्यादा १०० पीएसआय, म्हणजे जवळपास सात बार. आतला थर फ्लुरोइलॅस्टोमरचा, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात.

आर१० : टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा पाइप. हा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. आर९ आतून पेट्रोल सहन करतो, पण त्याचं बाहेरचं आवरण कायम पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं. टाकीतल्या पंपाला आर९ लावू नका.

जर्मन पाइपांवर डीआयएन ७३३७९ असं लिहिलेलं दिसेल. पण त्या एका नंबराखाली बरेच प्रकार येतात, त्यामुळे पुढचं अक्षर आणि दाबाचा आकडाही वाचायचा. आपण पॅकेजचं नाव बघून व्हर्जन न बघता इन्स्टॉल करतो ना, तसं करू नका.

दुसरी गोष्ट इथेनॉल. पंपावर आज आपल्याला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नव्वदच्या दशकातली गाडी डिझाइन झाली तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. इथेनॉलनं काही रबरं फुगतात, मऊ पडतात, मग वाळली की तडकतात. म्हणून आतला थर कशाचा आहे, हा प्रश्न आता दाबाइतकाच महत्त्वाचा झालाय.

मग मी बाजारात निघालो. पुण्यात स्पेअर पार्ट म्हटलं की नाना पेठ. एका दुकानात काउंटरवरच्या काकांनी वरची जाळी दाखवत चकचकीत स्टीलचा विणीचा पाइप पुढे केला. "हा घ्या, कायम टिकेल." मी विचारलं, आत काय आहे? ते म्हणाले, "रबर." कसलं रबर, ते त्यांना सांगता येईना. जाळी दिसायला भारी, पण आतलं रबर तडकलं तर ती जाळी ते लपवून ठेवते. नाही घेतला.

दुसरा पर्याय भोसरी एमआयडीसीचा. तिथे हायड्रॉलिक पाइप कापून, टोकं दाबून देतात. दाब तो दोनशे बारही सोसेल, पण हायड्रॉलिक पाइप तेलासाठी असतो, पेट्रोलसाठी नाही. तिथे करून घ्यायचाच असेल तर आतून टेफ्लॉनचा आणि तोही कार्बन मिसळलेला मागा. साध्या टेफ्लॉनमधून पेट्रोल वाहताना स्थिर वीज साचू शकते.

तिसरा पर्याय म्हणजे पार्ट नंबर देऊन दोन्ही टोकांच्या नटांसकट मूळ पाइप मागवायचा. महाग आहे, थांबावंही लागतं. मी इंजिनाजवळच्या दोन्ही पाइपांसाठी, जाणारा आणि टाकीकडे परत येणारा, हाच निवडला. परतीच्या पाइपात दाब कमी असतो, पण पेट्रोल तेच आणि रबराचं वयही तेच. एक बदलून दुसरा ठेवणं म्हणजे अर्धी चप्पल शिवल्यासारखं.

तुमच्या गाडीत क्लिपवाला पाइपच असेल, तर चार गोष्टी. आतला व्यास मोजून घ्या. ओढूनताणून बसवायचा नाही आणि सैल असेल तर क्लिपवर भरवसा ठेवायचा नाही. आट्यांच्या खाचा असलेली साधी क्लिप रबर कापते, त्याऐवजी कडा वळवलेली इंजेक्शनची क्लिप घ्या. पाइप गरम एक्झॉस्टपासून लांब ठेवा. आणि पाइपावरची उत्पादनाची तारीख वाचा. दुकानात दहा वर्षं लटकलेलं रबर नवं नसतं.

काम स्वतः करणार असाल तर उघड्यावर करा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. नट सोडताना वर कापड धरा, थोडं पेट्रोल येतंच. वायरला लटकवायचा काचेचा बल्ब अजिबात नको. शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवा. हात बसलेला नसेल तर चांगल्या मेकॅनिककडून करून घ्या, पण पाइप तुम्ही वाचून द्या.

पाइप येईपर्यंत मी मामांकडून किल्ली घेतली. मामा चिडले. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी काढलेला जुना पाइप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, वाकवून बघा. त्यांनी वाकवला. भेगा उघडल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिला यातूनच सोडत होतो रे मी शाळेत."

नवे पाइप बसवले, किल्ली फक्त ऑनवर चार-पाच वेळा फिरवून दाब येऊ दिला, टिश्यूनं परत पुसलं. कोरडा. मग इंजिन चालू केलं, तापल्यावर पुन्हा पुसलं. कोरडा. आता दर सर्व्हिसिंगला मामा स्वतः खिशातून टिश्यू काढतात.

एवढंच सांगायचं होतं. घरी बाबांची, काकांची जुनी गाडी असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर "येतोच" म्हणून सोडून देऊ नका. आज बॉनेट उघडा आणि पाइपावर काय छापलंय ते वाचा. भेटू पुढच्या भागात!