बसून खावं की बांधून आणावं?
शाम देशाच्या जेवणाविषयी थोडंसं

(कोहका येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मला मोदकांवर किंवा उपवासाच्या पदार्थांवर बोलायला सांगतात. गृहविज्ञानाची मास्तरीण म्हटली की विषय ठरलेलाच. यंदा मीच सेक्रेटरींना म्हटलं, आपली मुलं रोज संध्याकाळी मोबाईलवरून काय मागवतात ते बघा आणि त्यावर बोलू द्या. ते थोडे चपापले. गणपतीच्या मंडपात शावरमा? पण घाबरू नका, आज मी सांगणार आहे त्यातले निम्म्याहून अधिक पदार्थ शुद्ध शाकाहारी आहेत आणि आपल्या स्वयंपाकघराला नात्यानं जवळचे आहेत.

सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाईन आणि इस्रायल या भूमध्य समुद्राकाठच्या पट्ट्याला इंग्रजीत लेव्हांट म्हणतात, अरबीत शाम. तिथलं जेवण वाढणारी नव्या धर्तीची हॉटेलं आता मुंबई-पुण्यात आहेत. आपल्याकडे अजून शावरम्याच्या ठेल्यांवरच भागतं. पण ठेला काय आणि हॉटेल काय, प्रश्न एकच पडतो. तिथं बसून खायचं की घरी मागवायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. हे जेवण मुळात बसून खायचं आहे. बांधून आणायचं तर त्यातलं काय आणायचं, कसं आणायचं आणि काय अजिबात आणायचं नाही, हे कळलं पाहिजे.

आधी नात्याची गोष्ट. हुम्मुस या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. काबुली चणे शिजवून, बारीक वाटून त्यात तिळाचं वाटण म्हणजे ताहिनी, लिंबू, लसूण आणि मीठ घालायचं, वर ऑलिव्हचं तेल सोडायचं. हरभऱ्याची शेती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, म्हणजे शामच्या शेजारी सुरू झाली आणि तिथून तो आपल्याकडे आला. तीळ मात्र आपला. अभ्यासक त्याचं मूळ भारतीय उपखंडातच मानतात, हडप्पाच्या उत्खननातही तीळ सापडला आहे. तेव्हा हुम्मुसच्या वाटीत तिकडून इकडे आलेला आणि इकडून तिकडे गेलेला असे दोघे भेटतात. इथे दुर्ग-बेमेतऱ्याकडे हिवाळ्यात चनबूट सोलत बसणाऱ्या आपल्या मंडळींना हा पदार्थ परका वाटायचं काहीच कारण नाही.

पुढचं ऐका. लबने म्हणजे आपला चक्का, फक्त साखरेऐवजी मीठ. श्रीखंडासाठी फडक्यात दही टांगणाऱ्या बाईला ते कुणी शिकवायला नको. फलाफल म्हणजे भिजवलेले कच्चे चणे वाटून, कोथिंबीर-जिरं घालून तळलेले वडे, आपल्या वाटल्या डाळीच्या वड्यांचे चुलतभाऊ. इजिप्तमध्ये ते चण्याऐवजी बाकल्याच्या दाण्यांचे करतात. तब्बूले ही पार्स्ली नावाच्या कोथिंबिरीसारख्या पाल्याची कोशिंबीर, त्यात दलिया नावापुरता. मुजद्दरा ही तळलेल्या कांद्याची मसुराची खिचडी. सुमाक नावाची आंबट लाल पूड असते, ती चाखली की मला आमचुराची आठवण येते. पिटा तर भट्टीत फुलक्यासारखीच टम्म फुगते, म्हणून तिच्या पोटात खिसा तयार होतो.

या हुम्मुसवरून तिकडे केवढी भांडणं! 2010 च्या जानेवारीत इस्रायलमधल्या अबू घोश गावी सुमारे 4 टन हुम्मुस करून विक्रम नोंदवला गेला. मे महिन्यात लेबनॉननं 10,452 किलो करून तो मोडला. आकडा मुद्दाम निवडलेला, कारण त्यांच्या देशाचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर आहे. भांडणं अशीच वाटीभर चण्यांपुरती राहिली असती तर बरं झालं असतं.

याच जेवणाला जगभर नवं रूप दिलं ते जेरुसलेमच्या दोघांनी. योतम ऑटोलेंगी शहराच्या पश्चिम भागातला ज्यू, सामी तमीमी पूर्वेकडचा अरब मुसलमान. दोघंही 1968 चे. एकाच शहरात वाढले, पण ओळख झाली ती लंडनमध्ये. 2002 साली नॉटिंग हिल भागात ऑटोलेंगीचं पहिलं दुकान निघालं. मला त्यांची पद्धत फार आवडते. काउंटरवर पदार्थांची परातींतून रास मांडलेली, हवं ते बांधून न्या. आणि बसायचं असेल तर एक मोठं टेबल, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवायचं. म्हणजे बसणं आणि बांधून नेणं एकाच छपराखाली. त्यांचं 'जेरुसलेम' हे पाककृतींचं पुस्तक 2012 साली आलं.

आता बसून खाण्याचं सांगते. मागं लेकीकडे पुण्याला गेले होते, सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. लेक आम्हाला अशा एका हॉटेलात घेऊन गेली. वेटरनं आठ-दहा लहान थाळ्या टेबलाच्या मध्यभागी आणून मांडल्या. याला मेझे म्हणतात. प्रत्येकाचं ताट वेगळं नाही, पिटाचा तुकडा तोडायचा आणि सगळ्यांनी त्याच वाटीत बुडवायचा. जाऊबाईंचा हात जागच्या जागी थांबला. आमच्या घरात उष्ट्या-खरकट्याचा विचार त्यांनी साठ वर्षं पाळलेला. लेक म्हणाली, "काकू, तिकडेही नियम आहे हो. एकदा चावलेला तुकडा पुन्हा वाटीत बुडवायचा नाही, आणि घास उजव्या हातानंच." जाऊबाईंनी क्षणभर विचार केला, मग मोठा चमचा मागवला आणि यजमानीण असल्यासारखं सगळ्यांच्या ताटलीत थोडं थोडं वाढून दिलं. पंक्तीत मीठ-लिंबू-चटणी वाढतात तसं. आणि मग दोन तास आम्ही उठलो नाही. एक थाळी संपायची, दुसरी यायची, बोलणं चालू. तीन माणसांत दहा चवी झाल्या, आणि कुणालाही पोट जड झालं नाही.

हे डब्यातून येत नाही. मेझे घरी मागवलं की दहा प्लास्टिकच्या डब्या येतात. झाकणं उघडता उघडता निम्मा उत्साह मावळतो, नातू आपली डबी घेऊन खोलीत जातो, दुसरा टी.व्ही.समोर. पदार्थ तेच, जेवण ते राहत नाही. तरी मागवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ही पोलाद कारखान्याची वस्ती आहे. 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून भिलाईची घरं तीन पाळ्यांवर चालत आली आहेत. रात्री दहाला पाळीवरून आलेल्या सुनेनं कणीक मळावी अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी आधी स्वतः मळून दाखवावी. तिनं मागवलं तर खुशाल मागवू द्या. फक्त काय मागवायचं ते नीट ठरवा.

हुम्मुस, लबने आणि भाजलेल्या वांग्याचं बाबागनूश (हे आपल्या भरताचं भावंडच) प्रवासाला उत्तम. गार खायचेच पदार्थ आहेत, चव बिघडत नाही. घरी आल्यावर डबीतून काढून पसरट बशीत घाला, चमच्याच्या पाठीनं मधे खळगा करा आणि त्यात तेल सोडा. कोशिंबिरीचं लिंबू-तेल वेगळं मागा, नाहीतर पाला वाटेतच मान टाकतो. फत्तूशमध्ये तळलेल्या पावाचे तुकडे असतात, ते तर वेगळेच हवेत.

पिटा आणि फलाफल मात्र डब्यात रुसतात. गरम पिटा प्लास्टिकमध्ये बंद केली की तिला घाम सुटतो आणि ती लिबलिबीत होते. दुकानदाराला सांगा, कागदात गुंडाळ. घरी आल्यावर पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर अर्धा मिनिट टाका, पुन्हा जीव येतो. फलाफल हुम्मुसच्याच डब्यात घालून देत असतील तर घेऊ नका. वेगळे आणा, कोरड्या तव्यावर मंद आचेवर फिरवून घ्या. मायक्रोवेव्हमध्ये ते आतून गरम आणि बाहेरून मऊ होतात, कुरकुरीतपणा गेला की राहिलं काय?

आता ज्याच्यासाठी मी हा विषय मागून घेतला ते सांगते. शावरमा. उभ्या सळईवर मांसाचे थर लावून ती आगीसमोर फिरवत ठेवतात, शिजलेला बाहेरचा थर कापून घेतात. नावही 'फिरवणे' अशा अर्थाच्या तुर्की शब्दावरून आलं. आपल्या देशात तो पसरला त्यात आखातातून परतलेल्या केरळी मंडळींचा मोठा वाटा आहे. आपल्या भिलाईत मल्याळी शेजारी पुष्कळ, त्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त माहीत. पदार्थ वाईट नाही. पण सळई संथ फिरली, आग कमी पडली, गिऱ्हाइकांची घाई झाली की आतला कच्चा थरही कापला जातो. आणि त्यावर कच्च्या अंड्याचं मेयोनीज.

2022 च्या मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवतूरला सोळा वर्षांची मुलगी गेली. पुष्कळ मुलं दवाखान्यात होती. तपासणीत साल्मोनेला आणि शिगेला हे जंतू सापडले. 2023 च्या सप्टेंबरात तामिळनाडूतल्या नामक्कलला चौदा वर्षांची मुलगी गेली. 2024 च्या मे महिन्यात आपल्या मुंबईत, मानखुर्दला, रस्त्यावरचा शावरमा खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. तिघांचीही वयं पुन्हा ऐका. मंडपामागे आत्ता खुर्च्या मांडताहेत त्या मुलांची ही वयं आहेत.

केरळनं 2022 मध्ये शावरम्यासाठी नियम केले. विनापरवाना विकणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. 2023 च्या जानेवारीत कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आली. त्याच महिन्यात असाही नियम झाला की पार्सलवर ते केव्हा तयार केलं आणि केव्हापर्यंत खावं हे लिहिलेली चिठ्ठी हवी. तेलंगणानं 2024 च्या ऑक्टोबरअखेर आणि तामिळनाडूनं 2025 च्या एप्रिलमध्ये तसल्या मेयोनीजवर एका वर्षाची बंदी घातली.

चिठ्ठीचं महत्त्व का? कारण 5 ते 60 अंश सेल्सिअस ही जंतूंना मानवणारी पट्टी. दुकानातून गरम निघालेलं पार्सल पिशवीत, रस्त्यावर, मग घरी टेबलावर पडून याच पट्टीत येतं. भिलाईचा मे महिना तर घराबाहेरच 45 अंश दाखवतो. हॉटेलात बसून खाल्लं तर सळईपासून तोंडापर्यंत पाच मिनिटं. बांधून आणलं, नातू क्लासला गेला, परत येऊन खाल्लं, तर तीन तास सहज. पदार्थ एकच, धोका निराळा.

खरी गंमत अशी की मूळ पद्धतीत मेयोनीज लागतच नाही. कोंबडीच्या शावरम्याबरोबर लेबनॉनमध्ये तूम लावतात, तूम म्हणजे लसूण. लसूण आणि मीठ वाटायचं, त्यात तेलाची बारीक धार आणि मधूनमधून लिंबू घालत घोटायचं, पांढरंशुभ्र फुगीर होतं. काही जण अंड्याचा पांढरा भाग घालतात, पण त्याची गरज नाही. इस्रायलात धर्मनियम पाळणारे ज्यू मांसाबरोबर दूधदही खात नाहीत, ते शावरम्यावर ताहिनी घालतात. आपले कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्रायली, ज्यांच्या घरांत मराठी बोलली गेली, त्यांनाही हा नियम जुनाच. म्हणून तर त्यांच्या रश्शात नारळाचं दूध.

तेव्हा मुलांना "खाऊ नका" असं सांगून काही होणार नाही, मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आहे, मला माहीत आहे. त्यांना विचारायला शिकवा. मेयोनीज कच्च्या अंड्याचं का? नसेल सांगता येत तर नको, ताहिनी किंवा दह्याची चटणी द्या. मांस कापल्यावर पुन्हा तव्यावर परतून द्या. बिलावर चौदा आकडी एफ.एस.एस.ए.आय. क्रमांक बघा, 2022 च्या जानेवारीपासून तो छापणं हॉटेलांना सक्तीचं आहे. आणि शावरमा घरी मागवायचा नाही, तिथंच उभ्यानं गरम खायचा. उरला तर टाकायचा. अन्न टाकू नये हे मीच शिकवत आले, पण याला अपवाद करा.

परवा नातवानं ठेलेवाल्याला मेयोनीजचं विचारलं. तो म्हणाला, "बेटा, आजतक किसीने नहीं पूछा." मग त्यानं पिशवी काढून दाखवली, विकतची, अंडं नसलेली होती.

तुम घरी करून पाहायचं असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटा, मी प्रमाण लिहून आणलं आहे. एक वाटी सोललेला लसूण, तीन वाट्या तेल, दोन लिंबं, चमचाभर मीठ. फ्रीजमध्येच ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. तबकं तयार झालेली दिसताहेत, मी थांबते.