उसना आधार : स्तनपुनर्रचनेतील आधारपटांची निवड
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हैदराबाद येथे महिला विभागापुढे झालेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या भगिनींचेही अर्ज असतात. त्यांच्या अंदाजपत्रकात कधी कधी 'मॅट्रिक्स' असा शब्द व त्यापुढे भली मोठी रक्कम दिसते. ही वस्तू काय आहे हे ना अर्ज करणारीला ठाऊक असते, ना मंजुरी देणाऱ्यांना. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचे आम्ही ठरविले आहे.

स्तन काढल्यावर वरची कातडी शक्य तेथे राखतात. आत सिलिकोनची थैली, म्हणजे इम्प्लांट, बसवून आकार परत आणता येतो. ही थैली छातीच्या स्नायूखाली ठेवली, तर तो स्नायू तिचा वरचा भागच झाकतो. खालचा भाग उघडा राहतो. तेथे झोळीसारखा आधार हवा, म्हणून स्नायूची खालची कड व स्तनाखालची घडी यांच्यामध्ये एक पट शिवतात. अलीकडे काही शल्यचिकित्सक थैली स्नायूच्या वरच ठेवतात व ती या पटात गुंडाळतात. या पटालाच मॅट्रिक्स म्हणतात. आपण त्याला आधारपट म्हणू.

आधारपटांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिला कातडीपासून केलेला. मृत्यूनंतर दान केलेली मानवी कातडी, डुकराची कातडी किंवा गाईच्या गर्भस्थ वासराची कातडी घेऊन तिच्यातील सर्व पेशी काढून टाकतात. उरतो तो तंतूंचा सांगाडा. पडवळाचा वेल मांडवावर चढावा, तशा रोगिणीच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या व पेशी त्यात शिरतात. दुसरा वर्ग कृत्रिम जाळ्यांचा. टायटॅनियमचा लेप दिलेली पॉलिप्रॉपिलीनची जाळी शरीरात कायमची राहते. इतर काही जाळ्या कालांतराने विरघळून जातात. कृत्रिम जाळ्या सामान्यतः स्वस्त पडतात.

आता मुख्य प्रश्न : यांतील सरस कोणता? महाग तो चांगला, असा बाजाराचा न्याय येथे चालत नाही. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक सूचना काढली. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या माहितीवरून 'फ्लेक्सएचडी' व 'अ‍ॅलोमॅक्स' हे पट वापरलेल्या स्त्रियांत जंतुसंसर्ग, फेरशस्त्रक्रिया व इम्प्लांट काढावे लागणे यांचे प्रमाण 'सर्जिमेंड' व 'अ‍ॅलोडर्म' वापरलेल्यांपेक्षा, तसेच पटच न वापरलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे तिने सांगितले. यातील मौज अशी, की 'अ‍ॅलोडर्म' मानवी कातडीचा आहे आणि मागे पडलेले दोन्ही पटही मानवी कातडीचेच. 'सर्जिमेंड' मात्र वासराच्या कातडीचा. तेव्हा मानवी म्हणजे उत्तम असे म्हणता येत नाही. कातडीचे एकच मूळ असलेले दोन पटही सारखे ठरत नाहीत. त्या वेळेपर्यंत स्तनपुनर्रचनेसाठी एकाही अशा चर्मपटाला त्या प्रशासनाची मान्यता नव्हती, हेही त्याच सूचनेत नमूद होते.

नेदर्लंड्समधील आठ रुग्णालयांतील तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. डुकराच्या कातडीचा पट घालून एकाच शस्त्रक्रियेत इम्प्लांट बसविलेल्या स्त्रियांपैकी ४६ टक्के जणींना शस्त्रक्रियेचे उपद्रव झाले. पट न वापरता दोन टप्प्यांत काम केलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. येथे टप्पे व पट दोन्ही बदलले असल्यामुळे सारा दोष पटावर टाकणे न्याय्य नाही; पण पट घातला की एका फेरीत सुखरूप सुटका, या समजाला धक्का बसला हे खरे. ब्रिटनमधील ८१ केंद्रांत २१०८ स्त्रियांची नोंद घेतली गेली. त्यांपैकी बहुतेकींना कोणता ना कोणता आधारपट घातलेला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तीन महिन्यांच्या आत शेकडा सुमारे नऊ जणींना इम्प्लांट गमवावे लागले होते.

मग आधारपट टाकाऊच समजावा काय? तसे नव्हे. योग्य जागी तो आकार चांगला राखतो. मात्र वरची कातडी पातळ झालेली, रक्तपुरवठा क्षीण, किरणोपचार झालेले किंवा व्हायचे, धूम्रपान, मधुमेह अथवा फार स्थूलता असेल, तर धोका वाढतो आणि कोणताही पट तो टाळू शकत नाही. अशा वेळी पोटाच्या वा पाठीच्या स्वतःच्याच मांसल भागाने स्तन घडविण्याचाही मार्ग असतो. ही विद्या आपल्याला परकी नव्हे. पुण्यातील एका कारागीर वैद्याने कपाळाच्या कातडीने नाक घडविल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकात छापून आली होती.

आमच्या मते आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या शहरात नाना धर्मांची माणसे शेजारी नांदतात. कोणाला गाईची कातडी चालणार नाही, कोणाला डुकराची, कोणाला मृताची. शस्त्रक्रियेनंतर बिल वाचताना हे कळणे म्हणजे त्या स्त्रीच्या श्रद्धेची वंचना होय. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक भगिनीने विचारावे : हा पट कशाचा? माझ्या प्रकृतीत तो हवाच का? नसला तर काय होईल? तो काढावा लागला तर पुढे काय, आणि तो खर्च कोणाचा? विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चांगला शल्यचिकित्सक अशा प्रश्नांचे स्वागतच करतो.

आणि शेवटचे. पुनर्रचना करावी की करू नये, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. नवऱ्याचा नव्हे, सासूबाईंचा नव्हे, आमच्यासारख्या डॉक्टरांचाही नव्हे. छाती सपाट ठेवून जगणारी स्त्री कोठेही उणी नसते. आपल्या निधीच्या चालकांना आमची विनंती एवढीच, की अंदाजपत्रकाबरोबर या प्रश्नांची उत्तरेही मागवावीत. रक्कम मंजूर होईल ती होवो. पण त्या भगिनीच्या हाती समज आधी पडावी.