दवाखान्यातील सूर्याची वीज



१७ एप्रिल १८९९ रोजी इमामबाग लेनमधील केंद्रातून कोलकात्याच्या सार्वजनिक वीजपुरवठ्यास प्रारंभ झाला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळाचा तडाखा बसताच झाडे तारांवर कोसळली आणि अनेक वस्त्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. रस्ते मोकळे करण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी एखाद्या लहान दवाखान्याने काय करावे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

छपरावर सौरपट बसविले की प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. शहरातील सौरपट बहुधा सार्वजनिक वीजवाहिनीशी जोडलेले असतात. वाहिनी बंद पडली की त्यांचा पुरवठाही आपोआप थांबतो. तारा दुरुस्त करणाऱ्या कामगारांना धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच केलेली असते. म्हणजे माथ्यावर ऊन असूनही खाली अंधार! म्हणून दवाखान्याला वीज साठविणारी बॅटरी हवी, तसेच वाहिनीपासून अलग होऊन चालू राहणारी यंत्रणाही हवी.

साठा किती असावा, याचा हिशेब रोग्याच्या गरजेपासून सुरू करावा. लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. त्या शीतकपाटाला दिवसाकाठी १ युनिट लागते असे धरू. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे ३५० वॅटचे यंत्र चार तास चालविल्यास १.४ युनिट आणि ९ वॅटचे दहा दिवे सहा तास लावल्यास अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज लागेल. एकूण खर्च सुमारे ३ युनिट झाला. दोन दिवस आभाळ भरून राहील असे गृहीत धरल्यास ६ युनिटांची तरतूद हवी. शिसे व आम्ल यांची बॅटरी वरचेवर निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा तिची क्षमता १२ युनिट असावी. लिथियमची बॅटरी महाग असली, तरी अधिक रिकामी करता येत असल्याने साडेसात युनिटांची पुरते.

वातानुकूलन यंत्र मात्र या साठ्यावर जोडू नये. ते तासाला दीड युनिट वीज घेत असेल, तर रोग्यांचा सबंध दिवसाचा वाटा दोन तासांत संपेल.

ही काटकसर कोलकात्याच्या दक्षिणेस सुंदरबनात पूर्वीच अनुभवास आली आहे. सागर बेटावरील कमलपूर येथे १९९६ मध्ये २६ किलोवॉटचे सौर वीजकेंद्र सुरू झाले. दिवसा बॅटऱ्यांत साठविलेली वीज संध्याकाळी ठरावीक तास घरांना दिली जाई. साठा मर्यादित असल्याने प्रत्येकाने आपल्या वाट्याचेच दिवे लावणे आवश्यक होते.

शेवटचा मुद्दा देखभालीचा. शिसे-आम्लाच्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी वेळोवेळी घालावे लागते. सौरपटांवरील धूळ पुसावी लागते. वादळापूर्वी त्यांचे बोल्ट तपासावे लागतात. ही कामे सर्वांची म्हटली की कोणाचीच राहत नाहीत. म्हणून यंत्रणा बसविण्यापूर्वीच त्या कामांसाठी एक जबाबदार माणूस नेमावा आणि त्याच्या नोंदवहीची दरमहा तपासणी करावी. साठवण दुर्लक्षामुळे निकामी झाली आहे, हे वादळाच्या रात्री कळून उपयोग नाही.