आपलं चित्रण, दुसऱ्याचा परवाना

पालघर, बोईसर, डहाणूहून दांडीला आलेल्या माझ्या व्हिडिओग्राफर बंधुभगिनींनो,

अध्यक्षीय भाषणात व्यवसायाचा वार्षिक आढावा घ्यायची प्रथा आहे; पण लग्नांचे दर आणि ड्रोनचे परवाने यांवर सकाळी भरपूर बोलून झालं. मी कित्येक वर्षं मनात साठलेलं तेवढंच बोलतो.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या पुस्तिकेची शेवटची पानं किती जणांनी वाचली आहेत? तिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की एव्हीसी पेटंटांचा हा परवाना ग्राहकाच्या वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे. व्यावसायिक म्हणून विकलेल्या महागड्या कॅमेऱ्यांतही हे वाक्य सापडतं. म्हणजे कर्ज काढून घेतलेला कॅमेरा आपला, मेहनत आपली, आणि चित्र ज्या रीतीने साठतं ती एच.264, म्हणजेच एव्हीसी, मात्र परक्याची. हे मानक 2003 सालचं. त्यावरची पेटंटं कित्येक कंपन्यांची, आणि परवाने एकत्र विकणारी संस्था 2023 पर्यंत अमेरिकेतली एमपीईजी एलए होती. प्रती विकण्याचा तिचा दरही ठरलेला होता: 12 मिनिटांपर्यंत माफ, त्यापुढे किमतीचे 2 टक्के किंवा प्रतीमागे 2 सेंट, जे कमी असेल ते.

सकाळी एक तरुण मित्र म्हणाले, आजवर कुणी मागायला आलंय का? आपल्याकडे नाही आलं. पण डीव्हीडी प्लेअर जोडून विकणाऱ्यांवर फिलिप्सने दिल्लीत दावे लावले, आणि 2018 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना प्लेअरमागे रॉयल्टी भरायला लावली.

आणि मागायला माणूसच यावा लागतो असं कुठे आहे? बोईसरच्या एका पार्टीने हळदीच्या क्लिपा फोनवरून आणून दिल्या. नवरीच्या आजीने मांगेली बोलीत म्हटलेली गाणी होती त्यांत. दुकानातल्या संगणकावर आवाज आला, चित्र काळं. खाली सूचना: एचईव्हीसीसाठी (ही एच.264 नंतरची रीत) जोड-सॉफ्टवेअर विकत घ्या, 99 सेंट. रक्कम किरकोळ आहे, मी भरली. पण आजीचं गाणं बघायला परवाना काढावा लागतो, हे मला आजही सोसत नाही.

आपला कायदा याबाबत शहाणा होता. 2002 च्या दुरुस्तीने निव्वळ संगणक-प्रोग्रामला पेटंट नाकारलं. 26 डिसेंबर 2004 च्या वटहुकुमाने ते दार किलकिलं केलं, 2005 मध्ये संसदेने पुन्हा लावलं. तरी त्यातून वाट काढून पेटंटं निघत राहिली.

मोकळा रस्ताही आहे, आणि तो आपल्या मुंबईतच लोकांनी वापरला. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठीसकट अनेक भाषांतले पाठ थिओरा या मोकळ्या रीतीच्या ओजीव्ही फायलींत वाटले. 2008 साली सुरू झालेल्या ‘पॅड.मा’ या चित्रण-संग्रहानेही थिओराच घेतला. त्याची गुणवत्ता कमी होती, ही तक्रार खरी. पण 2018 मध्ये एव्ही1 हा नवा मोकळा प्रकार आला आणि कमी जागेत एच.264 पेक्षा सरस चित्र देऊ लागला. त्यावरही आपलं पेटंट असल्याचं सांगणारे 2019 मध्ये उभे राहिलेच, हे लपवत नाही. जुन्या संगणकावर तो फार वेळ खातो, हेही खरं. रात्री लावून ठेवा.

पार्टीला एमपी4 खुशाल द्या. माझं म्हणणं आपल्या कपाटांबद्दल आहे. इथल्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथली लग्नं, नारळी पौर्णिमा, होड्या लागायच्या तो किनारा, सगळं तुमच्या-माझ्या कॅसेटांत आहे, आणि त्यांना बुरशी धरते आहे. त्या कॅसेटा एफएफव्ही1 या मोकळ्या रीतीत उतरवा: चित्रातला कणही गळत नाही, रॉयल्टी नाही, आणि उद्या कुणालाही त्याचा प्लेअर परवान्याशिवाय लिहिता येईल. उतरवल्यावरही मूळ कॅसेट टाकू नका.

या कामासाठी एक छोटी समिती करू. डिस्क कुठे ठेवायच्या, खर्च कसा वाटायचा, हे बसून ठरवता येईल. ज्यांच्याकडे या दोन गावांचं काहीही चित्रण आहे, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावं.