हवा दमट, तरी पाऊस का नाही?

आजच्या गप्पा ढगांविषयी.

ऑगस्टमध्ये दुबईत किंवा शारजात एसी गाडीतून खाली उतरलात, की चष्मा लगेच धुरकट होतो. मग मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "बाबा, हवेत एवढं पाणी आहे, तर पाऊस का पडत नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तराची सुरुवात त्या चष्म्यापासूनच करू या. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती गार काचेला लागली, की तिचे बारीक थेंब होतात. ढगही असाच तयार होतो. आकाशात गार काच नसते, म्हणून तिथे हवेलाच गार व्हावं लागतं आणि त्यासाठी वर चढावं लागतं. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि फुगताना गार होते. ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे १० अंश! पुरेशी गार झाली, की वाफ हवेतल्या मिठाच्या, धुळीच्या, धुराच्या कणांवर जमते. ढगातला असा थेंब जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. पावसाचा एक टपोरा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

आता आपला सह्याद्री आठवा. पावसाळ्यात अरबी समुद्रावरची हवा घाटाला धडकते, वर चढते, गार होते आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळतो. इथे आखाताच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दमट हवेचा थर पातळ असतो. त्याच्यावर गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. खालची हवा वर जायला बघते आणि झाकणाला अडते. म्हणून घामाच्या धारा, पण पाऊस नाही.

हे झाकण फुटतं ते हजर डोंगरांवर. दुपारी तिथले उघडे कातळ तापतात. एका बाजूने आपल्या आखाताचा, दुसऱ्या बाजूने ओमानच्या आखाताचा दमट वारा येतो. दोन्ही वारे डोंगरावर भेटले, की हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. दोनेक तासांत ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतो आणि बरसतो. कातळ पाणी जिरवत नाही. सगळं पाणी वादीत उतरतं.

मंडळी, आता नीट ऐका. तुम्ही हत्ता किंवा फुजैराकडे वादीत सहलीला बसलेले असता, डोक्यावर लख्ख ऊन असतं, आणि पूर येतो तो वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा. म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा बघा. डोंगरावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उंच वाढताना दिसले आणि त्यांचा तळ काळवंडला, की डबे आवरा आणि उंचावर या. पाणी अचानक गढूळ झालं, तर सामान तिथेच सोडा. वाहत्या वादीत गाडी घालू नका. अमिरातीत त्यासाठी २,००० दिरहम दंड, २३ ब्लॅक पॉइंट आणि ६० दिवस गाडी जप्त, असा नियम आहे. पण दंडापेक्षा जीव मोठा.

आणखी एक. १६ एप्रिल २०२४ला अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा "हा कृत्रिम पाऊस" अशी चर्चा घरोघर झाली. कृत्रिम पावसात विमान मिठाचे कण फवारतं, पण ते आधीच तयार असलेल्या ढगात. त्याने ढग निर्माण होत नाही, वादळ तर नाहीच. त्या दिवशी असं काही केलं नव्हतं, असं इथल्या हवामान खात्याने स्पष्ट सांगितलं.

तेव्हा पुढच्या वेळी चष्मा धुरकट झाला, की मुलांना सांगा, "हा बघ, छोटासा ढग!" आणि डोंगरात गेलात, की एक डोळा आकाशाकडे ठेवायला शिकवा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून फिरा. नमस्कार!