पोरीचं नाव नाटकातून कापू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)

ताईंनो, नववीतली पोरगी शाळेच्या नाटकात काम करते म्हटलं की घरात पहिला प्रश्न, "तमाशात पाठवायची का तिला?" माळेगावच्या जत्रेत गाव फडासमोर रात्र जागवतं, लेकीची वेळ आली की मान खाली!

आता कामाचं ऐका. नाटक हा दहावीला वेगळा विषय नाही. पण शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय बालनाट्य स्पर्धा घेतं, त्यातल्या सहभागावर नियमाप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. म्हणून प्रमाणपत्र जपा, मुख्याध्यापकांना वेळेत विचारा. पुढं शिकायचं तर संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. लांब वाटतं ना? 'वाटा पळवाटा' हे नाटक लिहिणारे दत्ता भगत आपल्या नांदेडचेच.

तालमीला उशीर होतो, ही अडचण खरी. गटातल्या दोघींनी पाळीपाळीनं पोरींना आणायला जावं. बँकेत साहेबापुढं आपला आवाज फुटायला किती वर्षं गेली, आठवतं का? नांदेड असो की लातूर, सगळीकडं तेच. पोरगी ते चौदाव्या वर्षी शिकतेय. पुढच्या बैठकीला शाळेकडून तालमीच्या वेळा लिहून आणा, पाळ्या तिथंच लावू.