केराची पाळी

शेतातली, चुलीपुढची कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज बचतीचा हिशोब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज आमच्याच फजितीची गोष्ट सांगायची आहे. पोटभर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

आमचे धाकटे दीर जर्मनीत श्टुटगार्ट नावाच्या शहरात नोकरीला आहेत. टेकड्यांवर द्राक्षमळे आणि खाली मोटारींचे कारखाने, असं ते शहर. त्यांना मुलगी झाली आणि बारशाला त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तिकिटंही त्यांनीच काढली. त्यांचं घर दोन खोल्यांचं, त्यात जाऊबाईंचे आईवडील आधीच आलेले. म्हणून शेजारच्याच गल्लीत आमच्यासाठी दहा दिवस एक घर भाड्यानं घेतलं. सुट्टीला आलेल्या लोकांना तिकडं असं भांड्याकुंड्यांसकट अख्खं घर मिळतं. मालक समोर येतच नाही. दाराजवळ छोटी पेटी असते, आकडे जुळवले की आत चावी.

आता आमचे हे गावातले बँक मित्र. बायकांचे अंगठे मशीनवर घेऊन पैसे काढून देतात. आणि आम्ही गटांच्या संयोजिका. म्हणजे गावाला मशीन शिकवणारी जोडी! आम्हाला वाटलं, घरच तर आहे, त्यात शिकायचं काय?

पहिल्याच सकाळी जिन्यात कसला आवाज आला म्हणून हे बघायला गेले. त्यांच्या मागं आम्ही. पाठीमागं दार लागलं, खट्! तिकडच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठच नसते. दार नुसतं ओढलं गेलं तरी चावीशिवाय उघडत नाही. चावी आत, फोन आत. हे बनियन-लुंगीवर, आम्ही गाऊनवर, आणि बाहेर अशी थंडी की दात वाजायला लागले.

समोरचं दार उघडून एक आजी बाहेर आल्या. पंच्याहत्तरीच्या तरी असतील. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. ह्यांनी हातानं चावी फिरवून दाखवली आणि कपाळाला हात लावला. ती खूण सगळ्या जगाला कळते. आजी आत गेल्या आणि आमच्या घराची जादा चावी घेऊन आल्या. मालकानं ती त्यांच्याकडंच ठेवली होती. बघा, आपण शेजारणीकडं चावी ठेवतो तसंच की!

दुसऱ्या दिवशी खिडकी. तिची मूठ खाली केली की बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की नुसती वरच्या बाजूनं आत कलते. ह्यांनी उघड्या खिडकीची मूठ वर फिरवली. झालं! अख्खी खिडकी वरून सुटून ह्यांच्या अंगावर आली. हे दोन्ही हातांनी धरून उभे, गोवर्धन उचललेल्या कृष्णासारखे. "अगं, मोडली! किती पैसे भरायला लागतील?" आम्ही दिरांना व्हिडिओ कॉल लावला, तर ते हसता हसता खाली बसले. मग म्हणाले, "दादा, वरचा कोपरा चौकटीला दाबून धर आणि मूठ फिरव." खिडकी जागेवर. मोडलं काहीच नव्हतं, पण आमचा अर्धा तास जीव टांगणीला.

तिसऱ्या दिवशी भाकरीची हौस आली. पीठ आणि लोखंडी तवा गावाहूनच नेला होता. शेगडीला जाळ नाही, नुसती काळी काच. आमच्या ॲल्युमिनियमच्या कढईला ती दाद देईना, लोखंडी तव्याला मात्र लगेच तापली. मग तव्यावरच मिरचीचा ठेचा परतायला घेतला. धूर झाला आणि छतावरची एक पांढरी डबी अशी किंचाळली की हातातलं उलथनं पडलं. धुराची सूचना देणारं ते यंत्र. तिकडं घरोघरी ते कायद्यानं लावावं लागतं. हे स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतायत, आम्ही खिडकी उघडायला जातोय, तर हे वरून ओरडले, "मूठ आडवी कर, आडवी!" आजी आल्याच. खोकल्या, हसल्या आणि जाताना अर्धी भाकरी खाऊन गेल्या.

कचऱ्याचं तर विचारू नका. ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा, कागदाचा वेगळा, प्लास्टिकच्या वेष्टनांचा वेगळा, उरलेल्याचा वेगळा. काचेच्या बाटल्यांना तर रंगाप्रमाणं डबे. आम्ही भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओल्या डब्यात टाकली. आजींनी पिशवी काढली, देठं डब्यात रिकामी केली आणि पिशवी आमच्या हातात दिली. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकायच्याच नाहीत! दुकानातल्या मशीनला परत दिल्या की बाटलीमागं २५ सेंट मिळतात. ते कळल्यावर ह्यांनी दिरांच्या घरातल्याही सगळ्या बाटल्या गोळा केल्या.

पाचव्या दिवशी आमच्या दाराला एक पाटी लटकलेली. आम्हाला वाटलं, बारशाचं कळलं असेल, अभिनंदन केलं असेल. पाटीबरोबर दोघांनी फोटो काढला. कोणी नेऊ नये म्हणून आत आणून ठेवली. दोन दिवसांनी आजी झाडू घेऊनच दारात! दिरांनी उलगडा केला, "वहिनी, ती केरवोखेची पाटी आहे. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात जिना त्यानं झाडायचा." केर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. बघा, शब्दसुद्धा आपल्याच घरातला वाटतो! श्टुटगार्टमध्ये साफसफाईचे नियम १४९२ पासूनचे सांगतात. नगरपालिकेची पाळीची सक्ती १९८८ मध्ये उठली, तरी लोकांची सवय गेली नाही. मग काय, आम्ही पदर खोचला. आजींनी कोपरेसुद्धा बोट फिरवून तपासले.

आता हसण्यामागची गोष्ट सांगतो. त्या आजींनी आम्हाला तेच तेच तीन-चारदा दाखवलं. एकदाही कपाळाला आठी नाही. शेवटच्या रात्री हे गप्प बसले होते. म्हणाले, "मावशींची आठवण येतेय."

आमच्या गटातल्या एक मावशी. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीनला अंगठा लागत नव्हता. त्या दिवशी रांग मोठी होती. हे म्हणाले, "मावशी, कितीदा सांगायचं, नीट ठेवा!" आणि आम्ही शेजारी उभ्या राहून हसलो. त्या दिवसापासून मावशी आल्याच नाहीत. नातू त्यांना दुसरीकडं गाडीवर नेऊन पैसे काढायचा आणि हातात देईल तेवढेच मावशींचे. दहा दिवस अडाणी झालो, तेव्हा कळलं की त्या दिवशी मावशींचे नुसते पैसे अडले नव्हते.

परत आल्यावर दोघं त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली, बनियन-लुंगीची गोष्टही सांगितली. मावशी डोळ्याला पदर लावून हसल्या. आता त्या स्वतः येतात. अंगठा लागला नाही तर बोट पुसून दुसरं बोट लावतो, आणि पावती त्यांच्याच हातात देऊन रक्कम मोठ्यानं वाचून दाखवतो.

आणि हो, केराची पाटी आम्ही आपल्या समाजमंदिरासाठीही केली. पहिल्याच घरी ती तीन आठवडे अडकून बसली. ते घर कुणाचं, विचारू नका. आमचंच!

तुमच्या गटातही कुणी मावशी यायच्या थांबल्या असतील, तर या आठवड्यात त्यांच्या घरी एक चक्कर मारा. नमस्कार.